ग्रिप घासू की हात घडवू? एअर पिस्तूलवाल्यांनो, जरा बसून बोलूया

लेथवाला_उद्यमनगर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात होतं, आज सवड काढून लिहितोय. मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. वय ४३. चार वर्षांपूर्वी मुलीला नेमबाजीच्या क्लासला सोडायला जायचो. ती वर्षभरात बॅडमिंटनकडे वळली, मी मात्र रेंजवरच राहिलो. १० मीटर एअर पिस्तूल. एका हातानं पिस्तूल धरायचं, ७५ मिनिटांत ६० गोळ्या मारायच्या. पहिल्या वर्षी ६०० पैकी ५१० च्या आसपास खेळलो, दुसऱ्या वर्षी ५३८, मग ५५० आले आणि गाडी तिथंच रुतली. गेलं दीड वर्ष ५५२ च्या वर जाता येत नाही.

या दीड वर्षात मी काय केलं ते परवा वही उघडून मोजलं. १४ महिन्यांत ग्रिपला, म्हणजे पिस्तुलाच्या लाकडी मुठीला, ११ वेळा कानस लावली. ट्रिगरच्या स्क्रूला १९ वेळा हात लावला. रिअर साईटची (नेम धरायच्या डोळ्याकडच्या पट्टीची) खाच चार वेळा रुंद-अरुंद केली. छर्रे तीन कंपन्यांचे बदलले. यातला प्रत्येक बदल केला त्या दिवशी स्कोअर वाढला होता, आणि दहा दिवसांनी परत होता तिथं आला होता.

आता मी कोण आहे बघा. माझ्या हाताखालचा पोरगा रोज सकाळी मशीनचं सेटिंग हलवायला लागला तर मी त्याला दुपारपर्यंत ठेवणार नाही. जॉब मापात येईना तर आधी टूल बघायचं, मग चक बघायचा, मग स्पिंडल, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची. हे मी वीस वर्षं सांगत आलोय. आणि रेंजवर जाऊन मी स्वतः नेमकं उलटं करत होतो. एकाच रविवारी ग्रिपही घासली, ट्रिगरही हलका केला, साईटही फिरवली. सोमवारी स्कोअर बदलला तर कशामुळं बदलला हे कसं कळणार?

पहिल्यांदा डोळ्यांत अंजन घातलं ते एका साध्या गणितानं. माझ्या पिस्तुलाच्या दोन साईटमधलं अंतर आहे ३२० मिमी. लक्ष्य १० मीटरवर. म्हणजे फ्रंट साईट (नळीच्या टोकाकडची उभी पट्टी) खाचेत जितकी सरकेल त्याच्या ३१ पट चूक कागदावर उमटते. दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं, छर्रा ४.५ मिमीचा, आणि रेघेला शिवला तरी दहा धरतात. म्हणजे छर्‍याचा मध्य वर्तुळाच्या मध्यापासून ८ मिमीपर्यंत हलला तरी दहा. आता ८ ला ३१ नं भागा. पाव मिलिमीटर! फ्रंट साईट खाचेत पाव मिलिमीटर तिरपी झाली की दहा गेला. उलट, साईट एका रेषेत ठेवून आख्खा हात ८ मिमी डावीकडं झुलला तरी दहाच. मी दीड वर्ष हाताचं झुलणं थांबवायला ग्रिप घासत होतो, आणि गुण जात होते ट्रिगर दाबताना मनगट तिरपं होत होतं त्यात. कागदावर बघितलं तर निम्म्याहून जास्त नऊ-आठ डावीकडं खाली. उजव्या हातानं मारणाऱ्याचा डावीकडं खाली गेलेला शॉट म्हणजे ट्रिगर ओढला, हे पहिल्याच महिन्यात शिकवतात. मला ते ठाऊक होतं. तरी दोष लाकडाला देत होतो.

ग्रिपचंही सांगतो. अक्रोडाचं लाकूड आहे. जुलैत पंचगंगेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढायला लागलं की आमच्या शॉपची लाकडी कपाटंसुद्धा घट्ट बसतात, तशी ही ग्रिपही बसते. मे महिन्यात अंगठ्याच्या मुळाशी बोट शिरेल एवढी फट असते, जुलैत तीच जागा रुतते. मी जुलैत रुतलेली जागा घासली. अर्धगोल कानस, मग १२० चा पेपर, मग २४०, मग ४००. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि ग्रिप हातात खुळखुळायला लागली. मग एम-सील भरलं. पुढच्या पावसात ते परत घासलं. लाकूड ऋतूप्रमाणं फुगत होतं, आणि मी त्याच्या मागं पळत होतो.

मनाची गोष्ट वेगळीच. गेल्या स्पर्धेत पहिल्या चार सिरीज (एक सिरीज दहा गोळ्यांची) ९४, ९५, ९३, ९४. बेरीज ३७६. ही बेरीज मी लाईनवर उभा राहून केली, इथंच घात झाला. आता १८४ मारले की ५६०, असं डोक्यात आलं आणि ते जाईना. पुढच्या सिरीजला ८८, शेवटच्या सिरीजला ८७. एकूण ५५१. छाती धडधडत होती असंही नाही. हात नेहमीसारखाच होता. फक्त प्रत्येक गोळीला मी दहा 'घ्यायला' जात होतो. साईट सगळ्यात छान दिसली त्या क्षणाला पकडायचं म्हणून बोट झटका देत होतं.

तर विचारायचं हे, की तुम्ही बदल करता तेव्हा तो टिकवायचा की सोडायचा हे कसं ठरवता? ग्रिप किती आणि केव्हा घासावी? आणि ही बेरीज डोक्यातून कशी काढायची? ज्यांनी हे सोसलंय त्यांनी मनापासून लिहा. मी सगळं वहीत उतरवून घेणार आहे.

शाहूपुरीची_सायली

दादा, गणित पटलं, पण ग्रिपला एवढं मोडीत काढू नका. माझा अनुभव उलटा आहे.

मी नववीत असताना क्लबच्या पिस्तुलावर शिकले. ग्रिप मोठ्या हाताची, माझा पंजा लहान. तर्जनीचं टोक ट्रिगरवर कसंबसं पोचायचं, म्हणून मी नकळत पंजाच फिरवून धरायचे. दोन वर्षं सगळे म्हणत होते ट्रिगर नीट दाब, ट्रिगर नीट दाब. ट्रिगर सरळ मागं दाबता येईल अशी माझी बोटाची जागाच नव्हती! लहान मापाची ग्रिप मिळाली आणि ट्रिगरचं पातं थोडं मागं घेतलं, तेव्हा महिन्याभरात डावीकडचे शॉट निम्मे झाले. तेव्हा दोष खरंच लाकडात होता.

म्हणून ग्रिपची परीक्षा आधी करा आणि मग काय ते ठरवा. आमच्या सरांनी शिकवलेली पद्धत सांगते. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून नेहमीसारखं उभं राहायचं, डोळे मिटून हात वर न्यायचा, लक्ष्याच्या उंचीवर आणायचा, दोन श्वास थांबायचं आणि डोळे उघडायचे. आधी लक्ष्याकडं बघायचंच नाही, फक्त खाचेत फ्रंट साईट कुठं आहे ते बघायचं. मधोमध आणि वरची कड समपातळीत असेल तर ग्रिप बरोबर. दहा वेळा करा, वहीत टिंबं काढा. टिंबं इकडंतिकडं विखुरली तर पकड दरवेळी वेगळी पडतेय, तिथं कानस काही करणार नाही. टिंबं सगळी एकाच बाजूला आली तर मात्र ग्रिपमध्ये काम आहे.

साईट मधोमध आहे पण आख्खं पिस्तूल लक्ष्याच्या डावी-उजवीकडं आहे, असं झालं तर तो उभं राहण्याचा दोष. मागचा पाय थोडा सरकवायचा. मनगट फिरवून आणायचं नाही.

बेरजेबद्दल मला स्वतःलाच अजून उत्तर सापडलेलं नाही. वाचतेय.

वस्तादांचा_नातू

लेथवाले दादा, लई मनापासून लिहिलंय. मी नेमबाज न्हाई, आजोबांपासून गंगावेस तालमीतला पैलवान. धाकटा भाऊ पिस्तूल खेळतो म्हणून हे सगळं कानावर असतं.

तालमीत पकड हा शब्द आम्ही दिवसातून शंभरदा ऐकतो. नवा पोरगा आला की त्याला वस्ताद सहा महिने डाव शिकवत न्हाईत. हौदा (कुस्तीची माती) खणायचा, जोर मारायचे, बैठका काढायच्या, माती अंगाला लावायची. पोरगा कंटाळतो, त्याला वाटतं कवा एकदा धोबीपछाड शिकतोय. पण हौदा खणताना फावड्यावर जी मूठ बसते तीच पुढं मनगट धरताना बसते. भावाच्या सरांनी त्याला पांढऱ्या भिंतीसमोर उभं करून रिकामं पिस्तूल मारायला लावलं. रोज अर्धा तास, तीन महिने. छर्रा न्हाई, कागद न्हाई, गुण न्हाईत. आजोबा बघून म्हणाले, ही तर मेहनतच झाली.

आणखी एक गोष्ट. आजोबा १९५२ च्या हेलसिंकीचं लई सांगतात, खाशाबा जाधवांचं कांस्य, कोल्हापूरकरांनी वर्गणी काढून पाठवलं होतं ते. भावानं त्याच ऑलिम्पिकमधली दुसरी गोष्ट शोधून काढली. हंगेरीचा कारोली ताकाच. १९३८ ला हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात गेला, आणि तो त्याच हातानं पिस्तूल मारणारा. गड्यानं डाव्या हातानं सुरुवातीपासून सराव केला आणि १९४८ ला लंडनमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं. १९५२ ला हेलसिंकीत परत घेतलं. ज्या गावात खाशाबांनी पदक घेतलं, त्याच गावात! भावाच्या खोलीत भिंतीवर दोघांची चित्रं शेजारी शेजारी लावल्यात.

रेंजवरची_मावशी

मी पंधरा-सोळा वर्षं मुलांना पिस्तूल शिकवते. सायलीनं सांगितलेली परीक्षा अगदी योग्य आहे, ती आधी करा. आता बाकीचं.

पहिलं विचारते, तुम्ही ४३ चे आहात, डोळे कधी तपासलेत? चाळिशीनंतर फ्रंट साईटची कड पुसट व्हायला लागते आणि माणसाला ते कळत नाही, कारण हळूहळू होतं. कड पुसट दिसली की माणूस ती स्पष्ट दिसेपर्यंत थांबतो. हात वर नेल्यापासून खाली स्थिरावला की पाच-सहा सेकंदांत शॉट निघायला हवा. त्यापुढं डोळाही दमतो, श्वासही कमी पडतो, आणि डोळा जुनंच चित्र दाखवत राहतो. तुम्हाला वाटतं साईट सरळ आहे, ती दोन सेकंदांपूर्वी सरळ होती. तुम्ही 'सगळ्यात छान दिसली तो क्षण पकडतो' असं लिहिलंय, ते वाचून मला पहिली शंका डोळ्याचीच आली. डॉक्टरांना सांगा की मला साधारण मीटरभरावरची काळी कड स्पष्ट दिसायला हवी, लक्ष्य धूसर चालेल. बहुतेकांना दूरच्या नंबरात +०.५० किंवा +०.७५ मिळवून काम होतं. वाचायचा चष्मा लावून रेंजवर येऊ नका, त्यानं लक्ष्याचा पार ढग होतो. आणि दुसरा डोळा मिटू नका, त्यानं गाल आणि उघडा डोळाही ताणला जातो. त्यावर झापड लावा, ३० मिमी रुंदीपर्यंत नियमात चालते.

दुसरं, नेम कुठं धरता? काळ्याच्या मध्यात धरत असाल तर सोडा. काळ्यावर काळी साईट दिसत नाही. काळा गोल ५९.५ मिमीचा आहे. त्याच्या खाली पांढऱ्यात, थोडी फट सोडून धरा, आणि बिंदू धरू नका, तळहाताएवढा भाग धरा. तो भाग झुलणारच. हात दगडासारखा कुणाचाच नसतो. झुलू द्या, साईट एका रेषेत ठेवा, आणि बोट आपलं काम करत राहू द्या.

तिसरं, आणि हेच सगळ्यात अवघड, पिस्तूल खाली घ्यायला शिका. मी मुलांना मोजायला लावते. ६० गोळ्यांच्या सरावात किती वेळा हात वर नेऊन न मारता खाली घेतला? नवी मुलं सांगतात, एकदा, दोनदा. चांगली मुलं सांगतात, बारा-पंधरा वेळा. ७५ मिनिटं त्यासाठीच असतात. सरासरी सव्वा मिनिट एका गोळीला येतं, आणि गोळीला लागतात वीस सेकंद. उरलेला वेळ श्वासाचा आणि खाली घेण्याचा आहे.

तुमची बेरीज: ती डोक्यात येणार. येऊच नये म्हणून झटाल तर ती दुप्पट जोरानं येते. मी मुलांना प्रत्येक गोळीआधी स्वतःच्या शब्दांत तीन गोष्टी मनात म्हणायला सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या 'पाय, कड, मागं' अशा होत्या. पाय टेकलेत, फ्रंट साईटची कड दिसतेय, ट्रिगर सरळ मागं. बेरीज आली की ती ऐकून घ्यायची आणि 'पाय' पासून परत सुरू करायचं. सरावात रोज म्हणाल तरच स्पर्धेत तोंडात येईल, स्पर्धेच्या दिवशी नवीन मंत्र चालत नाही.

आपल्या गावच्या राही सरनोबतचा २०१८ च्या आशियाई खेळांतला, पालेमबंगचा अंतिम सामना आठवतो का? २५ मीटर पिस्तूल, थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी. मग शूट-ऑफ (बरोबरी फोडायच्या जादा गोळ्या), त्यातही बरोबरी, मग दुसरा शूट-ऑफ आणि सुवर्ण. आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तो सामना मी मुलांना दाखवते तेव्हा निकालाकडं बघू नका म्हणते. दर फेरीत हात कसा खाली येतो, पुन्हा कसा वर जातो ते बघा. प्रत्येक वेळी तोच हात, तीच उंची.

लेथवाला_उद्यमनगर

मावशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. डोळे तपासून सात वर्षं झाली. उद्याच जातो.

सायली, परीक्षा आज शॉपमध्येच केली, दार लावून. दहापैकी नऊ टिंबं एकाच बाजूला! म्हणजे ग्रिपमध्ये काम आहे, पण ते मीच करून ठेवलेलं दिसतंय. जिथं खळगा पाडलाय तिथंच पंजा आत बसतो आणि पिस्तूल फिरतं.

नातू, आजोबांना नमस्कार सांगा. भिंतीवरच्या चित्रांचं वाचून भरून आलं.

पुण्याचा_मोरया

मी इलेक्ट्रॉनिक ट्रिगर वापरतो, तुमचा मेकॅनिकल दिसतोय. दोन्हींत एक गोष्ट सारखी, स्क्रू. पाच-सहाशे गोळ्यांनंतर ग्रिपचा मुख्य स्क्रू आणि रिअर साईटचा स्क्रू तपासाच. एकदा माझे शॉट दीड तास वर-खाली विखुरत होते, मी मनाला दोष देत बसलो, घरी येऊन बघितलं तर ग्रिपचा स्क्रू पाव फेरा सैल. तेव्हापासून स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली की समजतं.

साईट फिरवताना बॅकलॅशचा (स्क्रूच्या आट्यांतल्या ढिलाईचा) विचार करा, हे तुम्हाला सांगायला नको. उजवीकडं तीन क्लिक हवे असतील तर पाच जाऊन दोन परत या असं काही जण करतात. मी नेहमी एकाच दिशेनं येऊन थांबतो.

आणि तयारी म्हणजे फक्त सराव नव्हे. टोकियो ऑलिम्पिकला १० मीटर एअर पिस्तूलची पात्रता फेरी सुरू असताना मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. तरी उरलेल्या वेळात घाईनं खेळून ५७५ मारले, अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला त्याच प्रकारात कांस्य. त्या दोन दिवसांच्या मध्ये तिनं काय सोसलं असेल, याचा विचार मी वाईट सरावानंतर नेहमी करतो.

कागलची_आई

मध्येच विचारते, माफ करा. मुलगी १२ वर्षांची, स्वप्निल कुसाळेचं पदक टीव्हीवर बघितल्यापासून हट्ट धरून बसलीय. कांबळवाडीचा मुलगा ऑलिम्पिकला जातो तर मी का नको म्हणते. त्याचा प्रकार रायफलचा ना? हिला पिस्तूल हवंय. आम्ही शेतकरी माणसं, पिस्तुलाची किंमत ऐकून छाती दडपली. सुरुवातीलाच घ्यावं लागतं का?

रेंजवरची_मावशी

ताई, अजिबात घेऊ नका. हो, स्वप्निलचं पॅरिसचं कांस्य ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमधलं. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला विश्वविजेती झाली तीही रायफलमध्येच. राही पिस्तुलातली. कोल्हापूरच्या मुलीला दोन्ही वाटा खुल्या आहेत, तिला दोन्ही हातात घेऊन बघू दे.

पहिलं वर्ष क्लबच्या पिस्तुलावर काढा. एअर पिस्तूल किलोभराचं असतं, १२ वर्षांच्या मुलीला सरळ हातानं ते धरणं जड जातं. खांदा दुखायला लागला की थांबवा, जिद्दीनं धरायला लावू नका. घरी अर्धा लिटरची पाण्याची बाटली हातात धरून खांद्याच्या उंचीवर तीस सेकंद, मग आराम, असं पाच वेळा. त्यात गोडी राहिली तर पुढचं बोलू.

आणि एक कटाक्षानं सांगा. छर्रे शिशाचे असतात. डबा खाण्याआधी हात साबणानं धुवायचे, छर्रा तोंडात धरायचा नाही. आमच्या रेंजवर दाराशीच साबण ठेवलाय.

शाहूपुरीची_सायली

ताई, मी येते तिच्याशी बोलायला, शनिवारी कागलला माझ्या सख्ख्या मावशीकडं येतच असते. माझी जुनी लहान मापाची ग्रिप घरी पडून आहे. क्लबच्या पिस्तुलाला बसली तर ती वापरू दे.

ट्रिगरची_नोंद

ट्रिगर घरी उघडणाऱ्यांसाठी थोडं, कारण धाग्यात १९ वेळा स्क्रू फिरवल्याचं वाचून काळजी वाटली.

एअर पिस्तुलाला कमीत कमी ५०० ग्रॅमचा ट्रिगर लागतो. तपासणीत नळी उभी ठेवून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावतात आणि पिस्तूल सावकाश वर उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. बरेच जण बरोबर ५०० वर आणून ठेवतात, स्पर्धेच्या सकाळी एसी हॉलमध्ये तो ४९५ भरतो, आणि मग लाईनवर जायच्या पंधरा मिनिटं आधी थरथरत्या हातानं एलन की शोधत बसतात. ५१५-५२० ठेवा. वीस ग्रॅमनं कुणाचे गुण गेलेले मी पाहिले नाहीत, तपासणीच्या धावपळीनं गेलेले पुष्कळ पाहिलेत.

ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो, दुसऱ्या टप्प्यात शॉट सुटतो. पहिल्या टप्प्यात जास्त वजन घ्या, दुसऱ्यात कमी. पहिल्या टप्प्याला साडेतीनशे-चारशे ग्रॅम गेले की बोट आधीच कामाला लागलेलं असतं, शेवटचं थोडं हलकेच जातं. उलट ठेवलं तर शेवटी भिंत लागल्यासारखं वाटतं आणि माणूस झटका देतो. शॉट सुटल्यावर ट्रिगर किती मागं जातो तो स्क्रूही बघा. खूप मागं गेला तर बोटाचा धक्का पिस्तुलाला बसतो, अगदीच थांबवला तर एखादा शॉट सुटतच नाही.

हे सगळं करताना हवेचा सिलिंडर काढून ठेवा, नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, आणि नळीत रंगीत सुरक्षादोरा घाला. घरात मुलं असतील तर दार लावून करा. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, दहा वर्षांनंतर तो वापरायचा नाही. जुनं पिस्तूल विकत घेताना आधी ती तारीख वाचा, किंमत नंतर विचारा.

लेथवाला_उद्यमनगर

मंडळी, ११ आठवड्यांनी परत आलोय. आधी सांगितलं होतं सगळं वहीत उतरवेन, तसं उतरवलंय.

पहिले चार आठवडे फक्त चष्मा बदलला. दुसरं काही नाही. डॉक्टरांना आधी कळेना मीटरभरावरची कड कशाला हवी, मग मी दवाखान्यातली फूटपट्टी हातात धरून दाखवली. +०.७५ मिळवून दिला. पहिल्या दिवशी रेंजवर फ्रंट साईटची वरची कड बघितली आणि खरं सांगतो, थोडा वेळ न मारता नुसता बघतच उभा राहिलो. ब्लेडनं कापल्यासारखी कड. गेली दोन-तीन वर्षं मी काय बघून मारत होतो देव जाणे. तरी पहिल्या आठवड्यात स्कोअर वाढला नाही, उलट लक्ष्य पुसट दिसतं म्हणून चार दिवस घाबरलो.

पाचव्या आठवड्यात ग्रिप. आमच्या शेजारच्या सुताराकडून सागाचा बारीक भुसा आणला, अ‍ॅराल्डाइटमध्ये कालवला आणि अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पाडला होता तो भरला. पॉलिथिन लावून हात दाबून धरला, नुसता ठसा घेतला. वाळल्यावर १२० च्या पेपरचे हलके हात, कानस अजिबात नाही. सायलीची परीक्षा: दहापैकी सात मधोमध. आठवड्यानं परत तेवढेच. मग तिथं थांबलो. लाकडाला आतून-बाहेरून तेल पाजलंय, या पावसात किती फुगतंय ते व्हर्निअरनं मोजून लिहिणार आहे. तीन जागा ठरवून पेन्सिलनं खुणा केल्यात.

बाकी दिवस भिंत. सकाळी शॉप उघडायच्या आधी २५ मिनिटं, पांढऱ्या भिंतीसमोर. भिंतीवर काहीच नसतं, त्यामुळं बघायला फक्त कड उरते. आणि मग दिसायला लागलं की ट्रिगर सुटताना कड कशी डावीकडं खाली टुणकन उडते. छर्‍याच्या आवाजात ते कधी दिसलंच नव्हतं. सहाव्या आठवड्याच्या आसपास ते उडणं कमी झालं.

आता आकडे. धागा काढायच्या आधीच्या पाच पूर्ण फेऱ्या: ५५२, ५४१, ५५०, ५३७, ५५१. शेवटच्या पाच: ५५१, ५५६, ५५४, ५५८, ५५५. सरासरी साडेआठच गुणांनी वाढली, पण वरचा-खालचा फरक १५ वरून ७ वर आला. मशीनवाल्याला विचाराल तर दुसरा आकडा जास्त मोलाचा. मापात एकसारखा चुकणारा जॉब सुधारता येतो.

मावशी, बेरीज अजून येते. ५५८ च्या फेरीत पाचव्या सिरीजला आलीच. माझे शब्द 'टाच, कड, सोड' असे ठरलेत. बेरीज आली, मी पिस्तूल खाली घेतलं, टेबलावर ठेवलं, एक घोट पाणी प्यालो, आणि 'टाच' पासून सुरू केलं. त्या सिरीजला ९२ आले. पूर्ण फेरीत १३ वेळा हात खाली घेतला, १४ मिनिटं शिल्लक राहिली.

ट्रिगरची नोंद लिहिणाऱ्यांनी वजनाचं सांगितलं म्हणून एक काम केलं. ३० मिमीचा पितळी बार लेथला लावून ५०० ग्रॅमचं वजन तयार केलं, हूक धरून. लांबी ८२ मिमीच्या आसपास बसली, शेवटचे काही ग्रॅम तळाला फेसिंग करून काढले. गुजरीत एका सोनारकाकांच्या काट्यावर तीनदा तोललं, तिन्ही वेळा बरोबर. माझा ट्रिगर त्यावर तपासला आणि ५०० च्या थोडा वर ठेवून स्क्रूवर नेलपॉलिशची रेघ मारली.

बारचा तुकडा उरलाय, त्यात अजून चार वजनं होतील. एक कागलच्या मुलीच्या क्लबला द्यायचं ठरवलंय, सायली शनिवारी नेईल. बाकी तीन कुणाला हवी असतील तर इथंच लिहा. मजुरी नको, पितळाचे पैसे नकोत. फक्त तुमच्या रेंजवरच्या पोरांना सरावाच्या दिवशीच तपासायची सवय लावा.